साळवे शांत झाले

आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला धक्का बसायला नको. मी एक जिवंत माणूस मारला आहे. दिवसाढवळ्या, सकाळी सव्वानऊ वाजता, व्हॉट्सअ‍ॅपवर.

दचकू नका, चहा घ्या. मी फादर आहे. चर्चमधला फादर. लोकांच्या चुका ऐकून घेणं हे माझं रोजचं काम, आणि वीस वर्षांत भल्याभल्यांच्या चुका या कानांनी ऐकल्यात. पण माझ्या त्या दिवसाच्या चुकीच्या जवळपास जाईल अशी एकही नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

मी मूळचा वसईचा. इंदूरला बदली झाली तेव्हा मला विचारलं होतं, "फादर, हिंदी येते ना?" मी म्हटलं, "येते की!" आता वसईच्या माणसाला हिंदी येते म्हणजे किती, तर भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापुरती. बाकी मी मराठीत विचार करतो, वाक्याच्या शेवटी 'है' लावतो आणि देवावर हवाला ठेवतो. इथली मराठी माणसं पण निम्मी हिंदीतच बोलतात, त्यामुळे दोन वर्षांत मला उलट वाटायला लागलं की आपली हिंदी काय झकास झालीय! तिथेच घात झाला.

आमचं चर्च लहान, त्यात मराठी घरं मोजून सात-आठ. त्यातलं एक साळवेंचं. फ्रान्सिस साळवे. वडील नगरकडून इथल्या गिरणीत कामाला आले आणि इथलेच झाले. साळवे स्वतः शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले. बायको जाऊन चार वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन बंगळुरूला. स्नेहलतागंजातल्या एका गल्लीत एकटे राहतात. आणि पेटी वाजवतात. वाजवतात म्हणजे काय हो! मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली उपासना, सुरू व्हायच्या आधी त्यांनी नुसता भाता हलवला तरी मागच्या बाकांवरची कुजबुज बंद व्हायची.

तबल्यावर बाळासाहेब मोहिते. हे मोहिते ख्रिस्ती नव्हेत बरं का. पणजोबा संस्थानच्या फौजेत, घर राजवाड्याच्या मागे, देव्हाऱ्यात खंडोबा. पण तीस वर्षं आमची नाताळची मिस्सा त्यांच्या तबल्याशिवाय झालेली नव्हती. "फादर, ते आमेन-बिमेन तुमचं तुम्ही पाहा. मी तर साळवेसाठी येतो," असं मला तोंडावर सांगायचे.

अशी ही जोडी. आणि ती फुटली! कशावरून फुटली ते ऐका. प्रॅक्टिसला बाळासाहेब सहज म्हणाले, "साळवे, अपन एक इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घेऊन टाकू यार. त्याचा सूर हलत नाही."

"म्हणजे माझा हलतो?"

"तसं कुठे बोललो मी?"

"बोलला नाही. सोचलं तर तसंच ना?"

झालं! साळवेंनी पेटीचं झाकण लावलं, चष्मा खिशात घातला आणि उठून गेले. चर्चला येणं बंद. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर. बाळासाहेबांचा फोन उचलणं बंद. एक-दोन दिवस नाही, अकरा महिने! मधे ईस्टर गेला, नाताळ गेला. नाताळला आम्ही मोबाईलवर गाणी लावली, तर ऐन 'पवित्र, पवित्र'च्या वेळी मधेच जाहिरात लागली. गुडघेदुखीच्या तेलाची! मी वेदीवर हात पसरून उभा, आणि मागून बाई सांगतेय की सकाळ-संध्याकाळ चोळा. लोकांनी त्यावरही 'आमेन' म्हटलं.

मी दर पंधरा दिवसांनी साळवेंकडे जायचो. प्रेमाने पोहे वाढायचे, वर सढळ हाताने जिरावणाचा मसाला भुरभुरायचे, आणि बाळासाहेबांचं नाव काढलं की लालबुंद व्हायचे. मी म्हणायचो, "साळवेजी, क्षमा करा हो." तर म्हणायचे, "क्षमा रविवारची गोष्ट आहे फादर. आज गुरुवार आहे."

आणि खरं सांगू का? मला नुसती गाण्याची काळजी नव्हती. त्या माणसाची होती. सत्तरी ओलांडलेली, घरात बोलायला कोणी नाही, आणि जो एक बोलणारा होता त्याच्याशीच अबोला. दर वेळी गेलो की ते थोडे आणखी वाळलेले दिसायचे. मला भीती वाटायची, एक दिवस हा माणूस राग उरात धरूनच जाईल आणि मागे उरलेला तो दुसरा जन्मभर झुरत बसेल. रोज संध्याकाळी वेदीसमोर बसून मी एकच मागणं मागायचो, देवा, यांना शांत कर. हाच शब्द बरं का. शांत.

तर एका गुरुवारी सकाळी गेलो. साळवेंनी पोह्यांची प्लेट पुढे ठेवली आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाले, "फादर, संध्याकाळी घर खायला उठतं हो."

मी प्लेट हातात घेतली.

"काल रेडिओवर तबला लागला होता. माझी बोटं आपोआप टेबलावर चालायला लागली. मग सोचलं, अकरा महिने मी सजा देतोय कुणाला? त्याला का मला?"

माझा घास हातातच राहिला.

"रविवारी येतो मी. पण एक आहे फादर. बाळासाहेबाला मी स्वतः जाऊन बोलीन. आजच जातो. तुम्ही कुणाला काही बोलू नका."

"छे छे! माझ्या तोंडून अवाक्षर निघणार नाही."

त्यांनी आणखी एक प्लेट पोहे घेतले. "मला लागतं, बऱ्याच दिवसांनी भूक लागली," म्हणाले. मी नऊ वाजता तिथून निघालो तो हवेतच!

आता बघा, पापनिवेदनात कोणी काही सांगितलं असतं तर माझी मान कापली तरी मी बोललो नसतो. पण ही पोह्यांवरची गोष्ट! आणि एवढी आनंदाची! गल्लीच्या तोंडापर्यंत आलो आणि माझ्याने राहवेना. म्हटलं, आपण बाळासाहेबांना कुठे सांगतोय? आपण फक्त ग्रुपवर टाकतोय. बाळासाहेब ग्रुपवर आहेत हे मला माहीत नव्हतं का? होतं हो! पण आनंदात माणसाचं डोकं चालतं का?

स्कूटर बाजूला घेतली आणि माझ्या त्या झकास हिंदीत लिहिलं:

"प्रिय भाइयो और बहनो, बड़ी खुशखबर! अपने साल्वेजी आज सुबह नौ बजे शांत हो गए। मैं खुद उनके पास बैठा था। ग्यारह महीने से मैं इसी के लिए प्रार्थना कर रहा था। आज प्रभु ने मेरी सुन ली!"

आणि खाली तीन फुगे टाकले. रंगीत.

दोन मिनिटांत उत्तरं सुरू. जोडलेले हात, जोडलेले हात, रडणारी तोंडं. म्हटलं, बघा, लोकांना किती आनंद झालाय, डोळ्यांत पाणी आलं! एकाने लिहिलं, 'प्रभु उन्हें अपनी शरण में ले.' वा! एकाने लिहिलं, 'बहुत भले आदमी थे.' थे? म्हटलं, याचं व्याकरण कच्चं दिसतंय. मास्तरांनी यालाही गणितच शिकवलं असणार.

तेवढ्यात मार्था आंटींचा फोन. या आमच्या महिला मंडळाच्या प्रमुख. चर्चमध्ये काहीही करायचं असो, आधी यादी मार्था आंटींकडे तयार असते. आवाज अगदी खोल गेलेला. पण आता हे संभाषण नीट ऐका, कारण माझी खरी कमाई इथे आहे.

"फादर, पेटी का क्या करना है?"

पेटी! म्हणजे बघा, बाईंना किती काळजी! रविवारी साळवे येणार तर पेटी तयार हवी ना? मी म्हटलं, "पेटी की चिंता मत कीजिए. ग्यारह महीने से चर्च में तैयार पड़ी है. बस धूल झटकनी है."

बाईंनी एकेक शब्द तोडत विचारलं:

"ग्यारह… महीने से?"

"हाँ! एक कोना चूहों ने कुतरा है, पर चल जाएगी. साल्वेजी को वही पसंद है, दूसरी में उनका मन नहीं लगता."

मग हळूच, "और फादर… मिट्टी कितने बजे है?"

आता मला सांगा, ही बाई माती विचारते म्हणजे मी काय समजायचं? चर्चच्या मागे गुलाब लावायचे म्हणून मी काळी माती सांगून ठेवली होती. ती त्या दिवशी येणार होती. आणि बगिचा महिला मंडळाकडेच! मी म्हटलं, "शाम को पाँच बजे. ट्रॉली से आएगी."

"ट्रॉली से?!"

"अब बड़ी गाड़ी तो अंदर घुसती नहीं. गेट के पास ही पलटवा देंगे. फिर सब लोग मिलकर फावड़े से फैला देना, दस मिनट का काम है."

"फादर…" बाईंचा आवाज कापत होता. "फूल?"

"फूल बाद में! पहले खाद डालनी पड़ेगी."

फोन कट झाला. म्हटलं, नेटवर्क.

तिथून मी गेलो सांवेर रोडला. चर्चच्या खिडकीची लोखंडी जाळी एका कारखान्यात बनायला टाकली होती, ती बघायला. तिथे काय, घण, कटर, वेल्डिंग, कानठळ्या बसायची वेळ. खिशात फोन वाजतोय की नाही, काय कळणार? तिथल्या मिस्त्रींनी, रफीकभाईंनी, चहा मागवला, जाळीचं माप पुन्हा घेतलं, एक नक्षी चुकली होती ती काढून पुन्हा लावली. दीड तास सहज गेला. मी इतका खुशीत होतो की नक्षीबद्दलसुद्धा काही बोललो नाही.

निघताना फोन काढला. छप्पन्न मिस्ड कॉल! वर एक व्हॉइस मेसेज, बाळासाहेबांचा. कानाला लावला.

"फादर… मी बाळासाहेब. तुम्ही मला का नाही बोलावलं? तुम्ही त्याच्या पास बसला होता न? मग एवढंच सांगा मला. त्यानं माझं नाव घेतलं का? काही बोलला का माझ्याबद्दल? गाली दिली असेल तरी चालेल. सांगा फक्त."

पुढे नुसतं रडणं. सत्तर वर्षांचा माणूस असा हुंदके देऊन रडताना मी कधी ऐकला नव्हता. काही तरी भयंकर झालं होतं, पण काय? साळवेंना काही झालं की काय? मी तर दोन प्लेट पोहे खाताना बघून आलो!

मी रफीकभाईंना ग्रुपवरचा माझा मेसेज दाखवला. "भाई, इसमें कुछ गलत है क्या?"

त्यांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला, वाचलं, टोपी काढली. "बड़ा अफसोस हुआ फादर. कौन थे?"

"थे मतलब? हैं!"

"आपने ही तो लिखा है, शांत हो गए."

"हाँ, तो? गुस्सा शांत हो गया!"

रफीकभाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझी मलाच कीव यावी. "अरे भिया! अपने यां जो गुजर जाता है उसको बोलते हैं शांत हो गए. और ये…" त्यांनी बोट खाली नेलं, "ये गुब्बारे काए के लगाए आपने?"

आता माझ्या डोक्यात एकेक दिवा लागायला लागला, आणि प्रत्येक दिव्याबरोबर मी खाली खाली बसत गेलो. मिट्टी म्हणजे मूठमाती! दफन! पेटी म्हणजे… देवा रे! शवपेटी! अकरा महिने तयार ठेवलेली, उंदरांनी कुरतडलेली शवपेटी! आणि साळवेंना मी ट्रॉलीतून आणून गेटपाशी पलटी करणार होतो, वर खत टाकणार होतो!

ग्रुपवर लिहून मोकळा का झालो नाही, म्हणता? अहो, त्या हिंदीवर माझा विश्वास उरला होता का? पुढच्या वाक्यात आणखी कोण मेलं असतं, काय सांगावं! बाळासाहेबांना फोन लावला, तर तो एकसारखा बिझी. स्कूटरला किक मारली आणि सुटलो. सांवेर रोड ते स्नेहलतागंज इतका लांब मला कधीच वाटला नव्हता.

गल्लीत पोचलो तर बाहेर ताडपत्री टाकलेली, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, पांढऱ्या फुलांचे ढीग. साळवेंच्या दाराला कुलूप; लोकांना वाटलेलं, मयत मीच चर्चमध्ये नेली असणार. मुलीला अजून कोणी कळवलं नव्हतं, कारण तिचा नंबर फक्त माझ्याकडे आणि मी फोन उचलत नव्हतो. त्या एका गोष्टीसाठी मी आजही देवाचे आभार मानतो. आणि साळवेंना कोणी फोन कसा केला नाही, असं विचाराल, तर गेलेल्या माणसाला कोण फोन करतं?

मला बघताच गर्दी दुभंगली. निम्मे लोक माझ्याकडे भक्तिभावाने बघत होते. "फादर तो बहुत पहुँचे हुए हैं, मौत को भी खुशखबर बोलते हैं." उरलेले निम्मे दोन पावलं मागे सरकले. ते पेटीबद्दल ऐकलेले.

मी खुर्चीवर चढलो. हात वर केले. "भाइयो-बहनो! साल्वेजी मरे नहीं हैं!"

"आमेन," लोक म्हणाले.

"अरे, सुनिए! वे जीवित हैं!"

"आमेन! हालेलूया!"

"तसं नाही हो! सचमुच जीवित हैं! आज भी जीवित हैं!"

"प्रभु में जीवित हैं," मार्था आंटी डोळे पुसत म्हणाल्या आणि त्यांनी गाणं धरलं. सगळे त्यांच्या मागून गायला लागले.

सांगा आता! वीस वर्षं प्रत्येक मयतीला मी हेच बोलत आलो. गेलेला गेला नाही, तो जिवंत आहे. हेच शब्द, हाच सूर, हेच वर केलेले हात. आणि ज्या एका दिवशी ते वाक्य अक्षरशः खरं होतं, त्या दिवशी एकही माणूस ते ऐकायला तयार नाही! मी खुर्चीवर उभा, समोर शंभर माणसं छान सुरात गातायत, आणि मला रडू यायचं बाकी राहिलंय.

शेवटी आमेनची सवय नसलेला एकच माणूस तिथे होता, तो पुढे आला. बाळासाहेब. डोळे सुजलेले, हातात निशिगंधाचा हार. त्यांनी माझी बाही धरून मला खुर्चीवरून खाली ओढलं.

"फादर, मला हे तुमचं वरचं-खालचं समजत नाही. सरळ मराठीत सांगा. आहे की गेला?"

"आहे हो! सकाळी माझ्यासमोर दोन प्लेट पोहे खाल्ले!"

"मग शांत झाला ते?"

"राग! राग शांत झाला त्यांचा, तुमच्यावरचा!"

बाळासाहेब माझ्याकडे बघतच राहिले. मग एकदम ओरडले, "मग आहे कुठे तो?"

तर तो होता ताडपत्रीच्या मागच्या टोकाला! साळवे बाहेरून आले, हातात शेवेचा पुडा. गल्लीत मयत दिसली, भला माणूस, टोपी काढली आणि सगळ्यात मागच्या खुर्चीवर गुपचूप बसले. शेजारी मार्था आंटी डोळे मिटून गात होत्या. साळवेंनी हळूच विचारलं, "कौन गया?"

"साल्वेजी," आंटी डोळे न उघडता म्हणाल्या.

"कौन से साल्वेजी?"

"अपने. पेटीवाले."

"पेटीवाला तो इस गली में मैं ही हूँ."

आंटींनी डोळे उघडले. त्यानंतर जी किंकाळी निघाली ती राजवाड्यापर्यंत गेली असणार! खुर्च्या पालथ्या, चपला एकीकडे, माणसं दुसरीकडे. पुनरुत्थानावरची माझी इतकी प्रवचनं ऐकलेली माणसं हो! आणि एक माणूस खरोखर उठून बसलेला दिसला, तर अर्धी गल्ली रिकामी!

बाळासाहेब मात्र पळाले नाहीत. ते सरळ साळवेंसमोर जाऊन उभे राहिले. साळवे उठले. अकरा महिन्यांनी दोघं समोरासमोर.

"हार कुणाला?" साळवेंनी विचारलं.

"तुला."

"मला? कशाबद्दल?"

"तू मेलास म्हणून."

"कधी?"

"सकाळी नऊला. फादर पास होते."

साळवेंनी सावकाश माझ्याकडे मान वळवली. "फादर, मी तुम्हाला बोललो होतो, कुणाला काही बोलू नका."

मी जमिनीकडे बघितलं. दुसरं काय करणार?

आणि मग बाळासाहेबांचा बांध फुटला. हारासकट त्यांनी साळवेंना मिठी मारली आणि पाठीवर गुद्दे घालायला लागले. "नालायका! अकरा महिने फोन करतोय मी! आज वाटलं, आता उचलणाराच गेला! मी ते कीबोर्डचं बोललो ना, माझी जीभ झडो!"

"अरे, तुझ्याच घरी गेलो होतो मी! शेव घेऊन. कुलूप होतं!"

"कुलूप असणार नाही तर काय? सगळं घर तुझ्या मयतीला आलंय!"

दोघं हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. गुद्दे चालूच. मीही रडत होतो, लाज कसली? पळालेले लोक एकेक करून परत आले. कोणी साळवेंच्या हाताला हात लावून बघत होतं, कोणी गाल ओढून. साळवे ताडपत्री बघत होते, फुलं बघत होते, एवढी माणसं बघत होते. म्हणाले, "मला लागत होतं, मी आलो काय नि नाही आलो काय, कुणाला काही फर्क पडत नाही." मार्था आंटींनी त्यांना तिथेच झापलं. फर्क पडत नसता तर एवढ्या खुर्च्या कोणी उचलून आणल्या असत्या का, म्हणाल्या.

खुर्च्या होत्याच, माणसं होतीच, कोणी तरी चहा टाकला. साळवेंची शेव पुडा फोडून सगळ्यांना वाटली. मग आंटींनी त्यांना ट्रॉलीचं सांगितलं. साळवेंनी चहाचा घोट घेतला. नंतर एवढंच म्हणाले, "खत कोणतं टाकणार होता फादर? शेणखत?"

त्या संध्याकाळी मी वेदीसमोर बसलो तेव्हा मला एक गोष्ट कळली. मी अकरा महिने समजावून, पोहे खाऊन, गोड बोलून जेवढं केलं, त्याहून जास्त त्या एका चुकीने केलं. साळवे येणार होतेच, पण एकटे, मान खाली घालून आले असते. आता सगळी गल्ली त्यांना घ्यायला आली होती. माझी हिंदी कुणाला कळो न कळो, देवाला नीट कळते, असं मला त्या दिवसापासून वाटतं. मनावरचं ओझं उतरलं होतं, फार बरं वाटत होतं.

रविवारी पेटी वाजली, तबला वाजला. चर्च तुडुंब. साळवे मेले म्हणून ऐकलेले आणि जिवंत आहेत म्हणून ऐकलेले, दोन्हीकडचे लोक खात्री करायला आले होते. मिस्सा संपल्यावर दोघं माझ्याकडे आले, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. मला भरून आलं. म्हटलं, आभार मानायला आलेत.

"फादर," साळवे म्हणाले, "आम्ही दोघांनी मिळून एक गोष्ट ठरवली."

"सांगा ना!"

"तुमचा मोबाईल द्या," बाळासाहेब म्हणाले.

दोघांनी तिथेच उभ्या उभ्या काय काय दाबलं. तेव्हापासून आमच्या ग्रुपचे अ‍ॅडमिन आहेत साळवे आणि मोहिते. मला ग्रुपवर फक्त वाचता येतं. काही कळवायचं असलं तर मी साळवेंना सांगतो, साळवे मोहितेंना विचारतात, आणि दोघांचं एकमत झालं तरच ते पुढे जातं.

आता परवाचीच गोष्ट. मला सडकून ताप आला होता. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस पडून राहा. मी साळवेंना फोन केला, म्हटलं, ग्रुपवर टाका, फादर विश्रांती घेतायत. म्हटलं, आजारी पडलोय, चार माणसं येतील, कोणी सूप आणेल, कोणी मऊ भात आणेल, बरं वाटेल. साळवे म्हणाले, "'विश्रांती घेतायत' असं टाकता येणार नाही फादर. लोकांना वेगळं वाटेल. आम्ही बघतो." दोघं अर्धा तास बसले, शब्द न् शब्द तपासला आणि ग्रुपवर टाकलं:

"फादर जिंदा हैं। सिर्फ बुखार है। कोई भागकर न आए।"

आणि तुम्हाला सांगतो, दोन दिवसांत एक माणूस फिरकला नाही हो!